उभ्या बाईचा झगा

निम्मा नारळ खवून झाला होता. उरलेली वाटी विळीच्या पात्याशी तशीच टाकून मालिनी पदराला हात पुसत शिवणाच्या खोलीत पळाली.

"दोन टाके राहिलेत आई, घालून येते."

"अगो, आज गुरवार," सासूबाई आनंदीबाई माजघरातून ओरडल्या. "देवीचा निवेद आधी, की मडमेचा झगा आधी?"

"दोनच टाके."

"तुझे दोन टाके म्हंजे दोन तास. बापाची लेक शोभतेस हो."

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा तो मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. साल एकोणीसशे नव्याण्णव. रत्नागिरीच्या झाडगावातल्या कोतवडेकरांच्या तीन खोल्यांच्या घरात चौरंगावर घट मांडलेला होता. कलशाला खण, वर पाच पानं आणि नारळ, नारळाला शेवंतीची वेणी. चौरंगापासून हातभर अलीकडे, उजव्या अंगाला जमिनीवर गुडघाभर उंचीची पितळी समई. सकाळी लावलेली समई संध्याकाळची आरती होईस्तोवर विझू द्यायची नाही, ही सासूबाईंची शिस्त. घरातलं कुणी ना कुणी जाता-येता तेल घालत असे.

मालिनी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. नवरा अनिल एसटीच्या वर्कशॉपात, एकुलती लेक मनस्विनी बारावीला. मालिनी घरी बायकांचे कपडे शिवायची. झाडगावातच काय, पार मांडवीपर्यंतच्या बायका तिच्याकडे ब्लाऊज टाकायच्या, कारण तिचा ब्लाऊज हात वर केला तरी कमरेवरून चढत नसे. ही विद्या तिला वडिलांकडून आली होती.

वडील, गंगाराम, मुंबईत फोर्टात एका लेडीज टेलरकडे कटर होते. दुकानाचं गिऱ्हाईक पारशिणी आणि उरल्यासुरल्या गोऱ्या बायका. दुकान बंद झालं तेव्हा शेठने बाकीच्यांना पगार दिला, गंगारामांनी पगाराबरोबर एक कागद मागून घेतला. पॅरिसच्या कुठल्याशा कपडेवाल्या पेढीने पाठवलेलं ते एका झग्याचं चित्र होतं. पेन्सिलीने काढलेलं, वर पाण्याचा रंग. गडद निळा झगा, वरचं अंग चोळीसारखं घट्ट, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि तिथून खाली उपड्या घंटेसारखा सुटलेला घेर, पोटरीच्या मध्यावर संपणारा. बाईला डोळे नाक काही नव्हतं, नुसते लाल ओठ. कोपऱ्यात एक तिरकी सही, १९५४ हा आकडा, आणि गंजक्या टाचणीने टोचलेला निळ्या रेशमाचा बोटभर तुकडा. खाली दोन ओळी फ्रेंचमध्ये होत्या. त्या रत्नागिरीत कुणाला वाचता आल्या नाहीत, आणि गंगारामांना वाचायची गरजही वाटली नाही. त्यांना शिवण वाचता येत होती.

"दहा वर्षं हे पान माझ्या टेबलासमोर होतं," ते सांगायचे. "एकीनंही मागितलंन नाही. शेठ म्हणायचा, कापड किती खाईल बघ. माझे हात तसेच राहिले."

मालिनीला त्यांनी त्या चित्रावरच कटिंग शिकवलं. पहिला धडा असा, की चित्राचं माप कधी धरायचं नाही. "चित्रातली बाई नऊ डोकी उंच असते. आपली बाई साडेसात. चित्रावर पट्टी ठेवून कापलंस, तर झगा खांबाला बसेल, माणसाला नाही." तो धडा तिने गाठीला बांधला. वडील गेले तेव्हा दागिना नाही की जमीन नाही, तो कागद मात्र तिच्याकडे आला. तिने काच लावून तो शिवणयंत्रासमोर टांगला.

त्या साली मनस्विनीच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वेशभूषेचा कार्यक्रम ठरला. मुली नऊवारी नेसणार, कोळीण होणार. मनू घरी येऊन म्हणाली, "मी आजोबांची बाई होणार."

दसऱ्यापासून मायलेकींचं तेच वेड. मनूला स्टुलावर उभी करून मालिनी तिच्याभोवती टेप घेऊन फिरायची.

"पोट आत घेऊ नको, नंतर श्वास कुठून घेशील?"

"आई, ही बाई जेवत नसणार गं."

"जेवत असेल. बसत नसेल."

"मग करते काय?"

"उभी राहते. तिचं कामच ते."

दोघी खो खो हसायच्या आणि स्टूल डगमगायचं. खाकी कागदावर कटिंग झालं, मग मांजरपाटावर कच्चा झगा, तो दोनदा उसवून पुन्हा. रेशीम कुठलं परवडायला? राम आळीतून निळं नायलॉनचं टाफेटा कापड आणलं. घेर उभा राहावा म्हणून आत ताठ नायलॉनच्या जाळीचे तीन थर आणि खालच्या काठाला बकरमची पट्टी. मालिनीने नऊ डोक्यांचं साडेसात डोक्यांवर असं काही उतरवलं, की अनिलसुद्धा, जो कपड्यांकडे कधी बघत नसे, दारात थांबला आणि म्हणाला, "मामंजी असते तर."

तर त्या गुरुवारी चारच्या सुमाराला शेवटचे टाके पडले. मनूने झगा चढवला. चालली तर घेर तिच्या मागून अर्ध्या क्षणाने यायचा, जणू दुसरं कुणी बरोबर चालतंय. ती आरशाकडे वळली.

"आरसा मग," मालिनी म्हणाली. "नवं कापड आहे. आधी देवीपुढं वाक, मग आजीला."

यात वेगळं काय होतं? प्रत्येक घरात हेच सांगतात. मालिनीने झग्याच्या आतल्या बाजूला हळदीकुंकवाचं बोटही लावलं. मनू माजघरात गेली, चौरंगापुढे गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं.

साडी नेसलेली बाई वाकते तेव्हा पदर आवरते, निऱ्या पायांत घेते. तिला कापडाचा काठ कुठे आहे ते अंगाला कळतं. या झग्याचा काठ अंगापासून हातभर लांब होता. मनूचं डोकं खाली गेलं तसा मागचा घेर छत्रीसारखा उचलला, उजवीकडे कलला आणि समईवर जाऊन टेकला. मनूला काहीच कळलं नाही. आनंदीबाई आशीर्वाद द्यायला हात उचलून उभ्या होत्या, त्यांना आधी दिसलं, पण तोवर जाळीने पेट घेतला होता.

नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं. मालिनी गोधडी घेऊन धावली, लेकीला गुंडाळून जमिनीवर लोळवलं, आग विझली. तीन श्वासांचं काम. पण तेवढ्यात जाळीचे तिन्ही थर वितळून मनूच्या उजव्या पायाला, गुडघ्याच्या मागे आणि मांडीला, चिकटून बसले होते.

सिव्हिलमध्ये आठ दिवस, मग कोल्हापूरच्या इस्पितळात अडीच महिने. डाव्या मांडीचं कातडं काढून उजवीला लावलं. बारावीची परीक्षा आली आणि गेली. अनिल रजा संपली की यायचा, रजा मिळाली की जायचा. तो मालिनीला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

बोलायला बाकीचे होते. कुणी म्हणालं, उपासाच्या दिवशी देवीपुढे मडमेचा झगा, कोप होणारच. कुणी म्हणालं, देवीपुढे होती म्हणून जीव तरी वाचला. आनंदीबाईंनी वेळणेश्वराला नवस बोलला, पोर पायाने चालत दर्शनाला आणीन. आणि सुनेला म्हणाल्या, "तो कागद चुलीत घाल आधी."

मालिनीने काच उतरवली, कागद हातात घेतला. चुलीकडे गेली नाही. देवाचा कोप वगैरे तिच्या मनाला पटेना. इतकी वर्षं तिने देवीची पूजा केली होती, तिला देवीचा स्वभाव माहीत होता. ती चित्राकडे बघत राहिली. वडिलांनी सांगितलेली चूक तिने केली नव्हती. उंची बरोबर उतरवली होती, कंबर बरोबर, घेर बरोबर. पण ती बाई उभी होती. तो उभ्या बाईसाठी काढलेला झगा होता. तिच्या देशात ती खुर्चीवर बसणार, उठणार, दारापर्यंत जाणार. जमिनीला डोकं टेकायची पाळी तिच्यावर येणार नव्हती. वडिलांच्या गिऱ्हाइकांवरही कधी आली नव्हती, म्हणून वडिलांनाही ते सुचलं नसेल. आपण मात्र रोज वाकणाऱ्या घरात राहून ते विसरलो. हसत हसत तोंडाने म्हटलं होतं आणि तरी विसरलो. कोप नाही, दैव नाही. कटिंगची चूक.

कागद तिने ट्रंकेत तळाशी ठेवला.

त्यानंतर तिन्हीसांजेला ती दिवा लावायची, पण फळीवर, उंच. आणि नमस्कार उभ्यानेच.

"उभ्यानं हात जोडतात काय गो देवाला?" आनंदीबाई एकदा म्हणाल्या.

"वाकलं की जळका वास येतो, आई."

 म्हातारीने पुन्हा तो विषय काढला नाही.

मार्चच्या अखेरीला मनू घरी आली. जखमा भरल्या होत्या, पण खरा प्रश्न आता होता. जळलेलं कातडं भरून येताना आखडतं, गुडघ्याच्या मागे दोरीसारखं ताणतं. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी कोन मोजून सांगितलं होतं, "गुडघा तीस अंशांत अडकलाय. घट्ट दाबाचा मोजा घालायचा, मांडीपासून घोट्यापर्यंत, अंघोळीची वेळ सोडून रात्रंदिवस, वर्षभर. नाहीतर पाय असाच वाकडा राहील. मग मला पुन्हा कापावं लागेल आणि तेव्हा किती सरळ होईल याची हमी नाही."

मोजा मुंबईहून मागवला होता. इस्पितळात माप घेतलं तेव्हाची मनू आणि आत्ताची मनू यांत पाच किलोंचा फरक. मालिनीला लांबूनच दिसलं, मोज्यात दोन बोटं सहज जातील. सैल मोजा म्हणजे नुसतं फडकं. नवा यायला दीड महिना. तोवर कातडं थांबणार नव्हतं.

"मनू, मी शिवून देते."

मनू भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. घरी आल्यापासून तिने आईला 'आई' म्हटलं नव्हतं. पाय धुणं, तेल लावणं सगळं आजीकडून.

"तुझ्या हातचं काही मी अंगावर घालणार नाही."

"पाय वाकडा राहील बाय."

"राहू दे. उभ्यानं नाही तर वाकून चालेन. तुला आवडतं ना वाकलेलं?"

मालिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज करत बसली, म्हणजे दुसरा कुठला आवाज बाहेर जाऊ नये.

दिवस जात होते. रोज सकाळी आनंदीबाई नातीचा पाय हाताने ताणायच्या, मनू किंचाळायची, आणि दुसऱ्या दिवशी पाय होता तिथेच. एका रविवारी अनिल दुपारचा तिच्या खाटेशी जाऊन बसला. काय बोलला ते कुणालाच ठाऊक नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. संध्याकाळी मनूने आतून हाक मारली, "टेप दे."

मालिनी टेप घेऊन धावली.

"तू आत येऊ नको. बाहेर बस. मी मापं सांगते, तू लिही."

मधे पडदा. अलीकडे उंबऱ्याशी मालिनी वही घेऊन बसली, पलीकडे मनू. आयुष्यात मालिनीने हजारो मापं घेतली असतील, कानांनी घ्यायची ही पहिलीच वेळ.

"घोट्यापासून सुरू कर. दर दोन इंचांवर एक. टेप दाबू नको, नुसती टेकव."

"घोटा. आठ."

"आठ की सव्वाआठ?"

"आठ म्हटलं ना."

"बरं. पुढे."

"नऊ. पावणेदहा. अकरा." मनूचा आवाज सरळ चालला होता, दुकानात यादी सांगावी तसा. "साडेअकरा."

मग आवाज थांबला.

मालिनीने पेन्सिल धरून वाट पाहिली. टेप जमिनीवर पडल्याचा आवाज आला. इस्पितळात पट्टी बदलताना मनू डोळे मिटायची, घरी भिंतीकडे बघायची. माप घ्यायचं तर बघावं लागतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने आरसा धरून गुडघ्यामागचा आपला पाय पाहिला होता.

"टेप बसत नाही," खूप वेळाने आतून आलं. "वरखाली आहे सगळं."

"उंचवट्यावरून धर."

"हे असंच राहणार?"

मालिनीच्या तोंडाशी आलं, नाही गं, जाईल सगळं. शेजारणी येऊन हेच सांगून जात. तिने ओठ दाबले.

"मऊ होईल. रंग उतरेल. जाणार नाही."

 पलीकडे टेप उचलल्याचं खरखरलं.

"बारा. लिही."

पोहण्याच्या पोशाखाला लागतं ते ताणाचं कापड अनिलच्या मुंबईच्या भावाने एसटीने पाठवलं. साध्या टाक्याने ते शिवलं की ताणल्यावर दोरा तुटतो, म्हणून शेजारणीचं नागमोडी टाक्याचं यंत्र आणलं. शिवण आतून कातड्याला घासली तर जखम होईल, तेव्हा शिवण बाहेर, उलटी. एवढं सगळं तिला सुचलं. पण एक गोष्ट हाताला जमेना. आजवर प्रत्येक मापात तिने काहीतरी मिळवलं होतं, श्वासाला, जेवणाला, हात वर करायला. इथे वजा करायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दहातला एक कमी.

दहातला एकच? जितकं घट्ट तितका पाय लवकर सरळ, असं तिच्या मनाने घेतलं. तिने दीड कमी केला.

मोजा चढवायला अर्धा तास लागला. मनूने दात आवळून सहन केलं. तासाभराने तिची बोटं जांभळी पडली.

"आई! पाय मेला माझा! काढ!"

वरून सोलून काढायला वेळ नव्हता. मालिनीने कात्री घेतली, बोथट पातं आत सरकवलं. पात्याला लागून ते नवं, कागदाइतकं पातळ कातडं. हात हलला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. घोट्यापासून मांडीपर्यंत तिने एका दमात मोजा उभा चिरला. कातड्यावर ओरखडा नाही. बोटांत लाली परत आली.

"जाळून झालं, आता आवळून मारतेस?" मनू रडत ओरडली. "माझा सूड कसला घेतेस गं?"

"घाई केली," मालिनी म्हणाली. "घाईच करते मी. सांगितलेलं माप मोडलं."

दुसरा मोजा तिने बरोबर दहातला एक कमी करून शिवला, आणि मनूने तो घातला नाही. चार दिवस खाटेच्या दांडीवर लोंबत होता. मालिनीने आग्रह केला नाही. पाचव्या दिवशी पहाटे ती दिवा लावायला उठली तेव्हा दांडी रिकामी होती. आनंदीबाई खुणेने म्हणाल्या, विचारू नको.

मे गेला, पाऊस आला. घामाने मोज्याखाली पुरळ उठलं, खाजेने मनू रात्रीची हंबरायची, कधी मोजा उपसून फेकायची, सकाळी पुन्हा चढवायची. दोन महिन्यांत कापडाचा ताण सरला की नवा. मापं दर वेळी पडद्याआडूनच.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरला दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर कोनमापक ठेवला, दोनदा बघितला.

"तिसावरून सोळा अंश. कापायचं तूर्त राहू दे. तूर्त म्हणतेय हं, राहिलं असं नाही. पुढचं वर्षभर मोजा सुटता कामा नये. हा कुठून मागवता?"

"ही शिवते," मनू म्हणाली. 'आई' नाही म्हणाली.

परतीच्या गाडीत मनू तिघांच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. मालिनी पलीकडच्या सीटवर.

"ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरते," मनू खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"भर."

"मोजा घालते याचा अर्थ माफ केलं असा नाही."

"नाही समजत तसं."

"तू चांगलं शिवतेस, म्हणून घालते."

 आंबा घाटात धुकं गाडीच्या काचेला लागून होतं. मनूने डोळे मिटले, आणि झोपेत तिचा पाय हळूहळू पुन्हा वाकू लागला. मालिनी उठली, दांडीला धरून लेकीच्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि साखरप्यापर्यंत तशीच उभी राहिली. मनू जागी झाली असावी. तिने पाय काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनीने कपाट उघडून पाहिलं. ताणाचं कापड वीतभर उरलं होतं. मुंबईच्या दिराने नवं पार्सल रातराणीने चढवलं होतं, गाडी नऊला लागते. तिने चपला घातल्या, छत्री घेतली आणि पार्सल सोडवायला एसटी स्टँडवर गेली.